टाकीत हात कोण घालतं

चामराजपेटेत आमचं शिवणाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. अप्पा, म्हणजे माझे वडील, बायकांचे ब्लाउज शिवतात. माप द्यायला येणाऱ्या बायकांबरोबर लहान मुलं असतात, आणि आईचं माप चालू असताना ती मुलं कात्री, टाचण्या, इस्त्री, जे हाताला लागेल ते उचलतात. त्यावर उपाय म्हणून माझ्या आईने काउंटरच्या कडेला काचेची एक टाकी आणून ठेवली होती. तीत गप्पी, निऑन आणि काळ्या पट्ट्यांचे झेब्रे असे मासे होते, सगळे बोटाच्या पेराएवढे. मुलं काचेला नाक लावून उभी राहायची आणि माझी आई निवांतपणे टेप धरायची.

आई गेली. टाकी अप्पांकडे आली. तोवर त्यांनी माशांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पण आईनंतर त्यांनी टाकीची सगळी निगा अंगावर घेतली. आठवड्याला पाणी बदलायचं, काच आतून घासायची, तळाचे खडे हलवायचे, फिल्टरचा स्पंज पिळायचा. बाही कोपराच्या वर दुमडून ते टाकीत हात घालायचे, आणि शिवणात जशी घाई करत नाहीत तशी तिथेही करायचे नाहीत. मी, माझा नवरा आणि आमची मुलगी वरच्या घरात त्यांच्याबरोबरच राहतो. नवरा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात शिफ्टला जातो, मी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. त्यामुळे दिवसभर अप्पांना सोबत असायची ती गिऱ्हाइकांची आणि माशांची.

मासे मरायला लागले ते एकदम नाही. एकदम मेले असते तर कारण शोधणं सोपं गेलं असतं. पाण्यात काही गेलं असेल, क्लोरीन जास्त झालं असेल, पंप बंद पडला असेल, असं म्हणता आलं असतं. इथे एखादाच मासा आधी बारीक व्हायला लागायचा. खात असायचा, तरी पोट आत जायचं. मग रंग उतरायचा. पाठीचा कणा हळूहळू वाकायचा, इतका की पोहताना तो मासा प्रश्नचिन्हासारखा दिसायचा. काही दिवस फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात एकटाच उभा राहायचा आणि एका सकाळी तळाशी पडलेला असायचा. बाकीचे मजेत. आम्ही म्हणायचो, वय झालं असेल. आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्याचं पोट आत जायचं.

अप्पांनी आधी पाण्यावर संशय घेतला. आमच्याकडे नळाला कावेरीचं पाणी एक दिवसाआड येतं, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. टँकरचं पाणी बोअरचं असतं, जड. त्यांनी ते टाकीत घालणं बंद केलं आणि नळाचं पाणी बादलीत दोन दिवस ठेवून मग वापरायला लागले. फरक पडला नाही. मग त्यांना वाटलं, मशीनचं तेल. आपल्या हाताला तेल असतं, तेच पाण्यात जात असणार. तेव्हापासून ते टाकीला हात लावण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लागले, शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरसारखे. मग उदबत्तीचा धूर, मग कापडाचा उडणारा बारीक तंतू. त्यांनी देवाचा फोटो दुसऱ्या भिंतीवर नेला, टाकीवर मलमलीचं झाकण शिवून घातलं. मासे मरतच राहिले.

ज्याच्याकडून आई मासे आणायची तो विक्रेता बाजाराच्या बाजूला बसतो. अंधाऱ्या लांबट दुकानात एकावर एक टाक्या. अप्पा त्याच्याकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "स्वल्प उप्पु हाकि, सरी होगुत्ते." थोडं मीठ टाका, होईल बरं. मीठ टाकलं. नंतर त्याने निळं औषध दिलं, नंतर जंतावरची पावडर. निळ्या औषधाने पाणी शाईसारखं झालं आणि माझी मुलगी रडायला लागली, की मासे दिसत नाहीत. पाणी निवळलं तेव्हा आणखी एक झेब्रा वाकलेला होता.

मी प्रयोगशाळेतली आहे म्हणून अप्पांनी एकदा मला विचारलं, "तुमच्याकडं माणसाचं एवढं तपासता. माशाचं काही करता येत नाही का गं?"

मी म्हटलं, "अप्पा, माशांचे डॉक्टर वेगळे असतात."

"या गावात आहेत का कुणी?"

मी चौकशी केली. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर होते, गाईम्हशींचे होते. मत्स्यशेतीवाले होते, पण ते तळ्यातल्या मोठ्या माशांचं पाहणारे. बोटाएवढ्या गप्पीसाठी कोण बसणार? मी पाणी तपासायच्या पट्ट्या आणल्या. एकेक पट्टी बुडवून रंग जुळवला. पाण्यात काहीच वावगं नव्हतं. मला ते जास्त खटकलं. पाणी चांगलं, खाणं चांगलं, आणि नवीन आणलेले ठणठणीत मासेसुद्धा काही आठवड्यांनी त्याच वाटेने जात होते. याचा अर्थ जे काही होतं ते टाकीतच वस्तीला होतं आणि त्याला अजिबात घाई नव्हती.

याच काळात अप्पांच्या उजव्या हाताचं दुखणं चालू होतं. मधल्या बोटाच्या सांध्यावर एक गाठ आली होती, जांभळट, वाटाण्याएवढी. शिंप्याच्या बोटाला सुई टोचणं हे काही सांगण्यासारखं नसतं. त्यांनी हळद-तूप लावलं. बरी होईना तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गाठ थोडी बसली, पुन्हा वर आली. मग हाताच्या पाठीवर दुसरी आली, मग मनगटाजवळ तिसरी, एका रेषेत, जणू कुणी खडूने खुणा करत वर चाललंय. ताप नाही, फार दुखणंही नाही. फक्त बोट वळेना. एक्स-रे काढला, हाड ठीक होतं. बुरशी असेल म्हणून त्याचं औषध झालं, संधिवात असेल म्हणून त्याचं झालं. मोठी कात्री धरताना अप्पा आता बोटात चिंधी गुंडाळायचे. गिऱ्हाइकांना वेळेवर कपडे मिळेनात. ते कधी तक्रार करत नसत, पण कापड कापताना मध्येच थांबून हात झटकायचे, आणि मी जिन्यावरून उतरत असले तर झटकणं थांबवायचे.

एका रविवारी दुकान बंद असताना मी टाकीतून नुकताच मेलेला एक गप्पी बाहेर काढला. हातमोजे घातले, ब्लेड घेतलं आणि खिडकीच्या उजेडात त्याचं पोट उघडलं. भिंग लावून पाहिलं. आतल्या इवल्याशा अवयवांवर रव्यासारखे पांढरे कण होते. जंत नव्हते. एखादं गळूही नव्हतं. नुसते कण.

अप्पा मागे येऊन उभे होते. "काय दिसतं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण काहीतरी आहे."

मासा मी बर्फात ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आमच्या विभागप्रमुख मॅडमना विचारलं. त्या धारवाडकडच्या, आमच्याशी कानडीत बोलतात. माझ्या हातातली डबी पाहून त्या हसल्या. "आता मासे पण आपल्याकडेच?" मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "कर. पण हूडखाली कर, आणि नीट कर."

हवा खेचून घेणाऱ्या हूडच्या काचेआड मी ते कण दोन काचांमध्ये चिरडून स्लाइड केल्या. एकीला नेहमीचा रंग दिला. काही नाही. दुसरीचं काय करावं हे ठरलेलं नव्हतं. त्या दिवशी माझ्याकडे थुंकीच्या तपासण्या होत्या. क्षयाचे जंतू पाहायचे असले की स्लाइडला लाल रंग तापवून देतात आणि मग आम्लाने धुतात. बाकी सगळ्याचा लाल रंग निघून जातो, फक्त क्षयाच्या जातीतले जंतू तो सोडत नाहीत. मागे निळा रंग देतात, म्हणजे निळ्यावर लाल काड्या दिसतात. वर्षानुवर्षं मी हेच पाहत आलेय. रांगेत जागा होती म्हणून माशाची स्लाइडही मी त्यांच्याबरोबर ठेवली. बस, एवढंच. काही सुचलं म्हणून नाही.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि निळ्यावर लालच लाल दिसलं. काड्यांचे गुच्छच्या गुच्छ, एवढे की माणसाच्या थुंकीत मी क्वचितच पाहिलेत. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की स्लाइडची अदलाबदल झाली. उरलेला मासा घेऊन, नवीन काच, नवीन रंग घेऊन सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग मॅडमना बोलावलं.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. काच इकडे-तिकडे सरकवली. मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "टाकीत हात कोण घालतं?"

मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. आणि कळला तेव्हा अप्पांच्या हातावरच्या गाठी एका ओळीत माझ्यासमोर उभ्या राहिल्या. तो हात मी रोज जेवताना पाहत होते. मासे रोज पाहत होते. एकाच घरात, जिन्याच्या वर आणि खाली.

मॅडमनीच सांगितलं, की माशांना क्षयाच्या जातीतल्या एका जंतूचा आजार होतो, आणि हाताला जखम असेल तर तो पाण्यातून माणसाच्या कातडीत शिरतो. टाकी साफ करणाऱ्यांना, कोळ्यांना. त्यांनी स्वतः पुस्तकाबाहेर तो एकदाच पाहिला होता. सुईने टोचलेली बोटं घेऊन अप्पा दर आठवड्याला त्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालत होते.

त्याच आठवड्यात मी अप्पांना आमच्या इस्पितळातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण होते, शांत. मी माशाचं सांगायला लागले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकलं. मग त्यांनी मनगटाजवळच्या गाठीचा लहानसा तुकडा काढला. तुकड्यात लाल काड्या काही सापडल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, माणसात त्या फार थोड्या असतात, नाउमेद होऊ नको. पण कातडीतल्या आजाराची ठेवण क्षयाच्या जातीचीच होती. जंतू वाढवून पाहायचे ठरले. नेहमी आम्ही नळ्या माणसाच्या अंगाइतक्या उबेत ठेवतो. मॅडमनी एक नळी तिथे ठेवायला लावली आणि दुसरी त्याहून थंड पेटीत. डॉक्टरांनी वाट न पाहता गोळ्या सुरू केल्या. काही महिने घ्याव्या लागतील म्हणाले.

घरी आल्यावर अप्पांना समजावून सांगणं माझ्याकडे होतं. मी शब्द शोधत होते. शेवटी सरळ सांगितलं, की माशांना जे झालं होतं तेच तुमच्या हाताला झालंय, आणि तो जंतू क्षयाच्या जातीतला आहे.

अप्पांनी मान हलवली. उठून हात धुतले आणि खाली दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना त्यांनी स्वयंपाकघरातून स्वतःचं ताट, वाटी, भांडं उचललं आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसले. मला वाटलं उकडत असेल. रात्रीही तसंच. जेवण झाल्यावर त्यांनी ते ताट स्वतः घासलं आणि आमच्या ताटांत न ठेवता गॅलरीच्या कठड्यावर पालथं घातलं. माझी मुलगी नेहमीसारखी त्यांच्या मांडीवर चढायला गेली तर म्हणाले, "नको गं राजा, लांब बस." तिला काही कळेना. ती माझ्याकडे पाहायला लागली.

मी गॅलरीत जाऊन त्यांच्याशेजारी बसले. "अप्पा, हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"सांगितलं की."

"मग?"

त्यांनी मान रस्त्याकडे वळवली. खाली रिक्षावाल्यांची कुणाशी तरी बाचाबाची चालली होती.

"माझ्या थोरल्या भावाला क्षय होता," ते म्हणाले.

अप्पांना थोरले भाऊ होते हे मला माहीत होतं. लहानपणीच वारले, इतकंच. आमचं मूळ गाव बेळगावकडचं, अप्पा तिथून पोरवयात इकडे आले, आणि गावाबद्दल ते फार बोलत नसत.

"त्याला मागच्या खोलीत ठेवलेलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. मी ताट घेऊन जायचो. उंबऱ्याच्या बाहेर ठेवायचं आणि मागं यायचं, असं आईनं सांगितलेलं. तो आतनं म्हणायचा, बस की थोडा वेळ. मी बाहेरच बसायचो. तो बोलायचा, मी ऐकायचो." अप्पा थांबले. "डॉक्टर तेव्हाही येत होते. तेपण सांगायचेच काही ना काही."

"आता माझ्या दुकानात बायका येतात," ते म्हणाले. "लहान पोरं येतात. मी त्यांच्या कापडाला हात लावतो. दिवसभर माझा हात त्या कापडावरनं फिरतो. तू म्हणतेस होत नाही. मला पटायला पाहिजे की."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकान उघडलं नाही.

सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी त्यांना दाखवायचं ठरवलं. मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या. अप्पांना प्रयोगशाळेत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि आधी माशाची स्लाइड लावून दिली. मग क्षयाच्या एका रुग्णाची. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही पाहिल्या. शिवणीचे टाके पाहतात तसे, एक डोळा बारीक करून.

"दोन्ही सारखंच दिसतंय की," ते म्हणाले.

मी खोटं बोलू शकले असते. पण ज्यांच्या नजरेला टाक्याटाक्यातला फरक कळतो, त्यांच्याशी कशाला बोलायचं. "हो. दिसायला सारखेच आहेत."

"मग कसं ओळखता तुम्ही?"

मॅडम बाजूला उभ्या होत्या. त्यांनी कानडीत सांगितलं, सावकाश. माणसाचा क्षय अंगाच्या उबेत वाढतो, म्हणून तो छातीत जाऊन बसतो. हा माशांचा आहे, थंड रक्ताचा. याला आपल्या अंगाची ऊब सोसत नाही. म्हणून हा हाताच्या, बोटांच्या कातडीत राहतो, जिथे अंग जरा थंड असतं. आत जात नाही. छातीत नाही म्हणून खोकल्यातून बाहेर येत नाही, आणि दुसऱ्याला होत नाही.

अप्पांनी ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. "अंगाची ऊब सोसत नाही."

"नाही."

"माझ्या भावाचं अंग तर भाजायचं," ते म्हणाले. "लांबून कळायचं."

मॅडमनी दुसरी खुर्ची ओढली आणि त्या अप्पांजवळ बसल्या. अप्पा पुन्हा एकदा वाकून रुग्णाच्या स्लाइडमध्ये पाहायला लागले, आणि आम्ही दोघी ते वर पाहीपर्यंत थांबलो.

त्या रात्री ते आत आमच्याबरोबर जेवायला बसले. दुकान उघडायला मात्र त्यांनी आणखी काही दिवस घेतले. थंड पेटीतली नळी मी रोज बघत होते. उबेतली कोरीच राहिली. थंडीतल्या नळीत काही आठवड्यांनी मळकट पांढरे ठिपके उगवले. मॅडमनी नळी पेटीतून काढून खिडकीच्या उजेडात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ते ठिपके लिंबासारखे पिवळे झाले होते. उजेडात पिवळं पडणं ही त्याची खूण असते. पुढची तपासणीही तेच म्हणाली. आता शंकेला जागा नव्हती.

टाकीचं काय करायचं हा प्रश्न मी टाळत होते. तो अप्पांनीच काढला. माशांना खात्रीने बरं करणारं औषध नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. पाणी बदलून, खडे धुवून तो जात नाही. टाकीत अजून बरेच मासे होते. काही वाकलेले, पण बरेचसे चकचकीत, खाद्य टाकलं की वर झेपावणारे.

"हे तर खातायत," अप्पा म्हणाले.

"आधीचेपण खायचे."

"होय." ते टाकीसमोर उभे होते, हात मागे बांधून. "तसंच ठेवलं तर? हात घालायचा नाही. जातील तेव्हा जातील."

"तेही चालेल," मी म्हटलं. "पण झिजून झिजून जातील. आणि पोरं येतात. झाकण उघडून बोटं बुडवतात."

दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी म्हणाले, "गटारात टाकायचं नाही. तळ्यातपण नाही. जाताना त्यांना कळू नये असं काय आहे?"

लवंगेचं तेल असतं. कोमट पाण्यात घुसळून थेंबाथेंबाने टाकीच्या पाण्यात मिसळलं की मासे आधी सुस्तावतात, मग झोपतात, आणि आणखी तेल घातलं की उठत नाहीत. रविवारी आम्ही दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मुलीला नवऱ्याबरोबर के. आर. पुरमला तिच्या आत्याकडे पाठवलं होतं. मी म्हटलं, मी करते. अप्पा म्हणाले, नको.

त्यांनी लांब हातमोजे घातले. बाटली हलवून हलवून पाणी दुधासारखं पांढरं केलं आणि हळूहळू ओतायला लागले. दुकानभर लवंगेचा वास पसरला, दातदुखीला कापूस लावल्यासारखा. मासे थोडा वेळ नेहमीसारखे फिरले. मग एकेक जण कलायला लागला. झेब्रे सगळ्यांत आधी, गप्पी शेवटी. अप्पा खाली वाकून बघत होते. कुणी तडफडलं असतं तर त्यांनी हात थांबवला असता असं मला वाटतं. कुणी तडफडलं नाही. सगळे खाली टेकल्यावर त्यांनी उरलेलं ओतलं आणि आम्ही बराच वेळ बाकावर बसून राहिलो. मग त्यांनी जाळीने सगळे मासे काढले, मऊ अस्तराच्या तुकड्यावर ठेवले आणि तुकड्याची घडी घातली.

ती घडी मी पिवळ्या पिशवीत घालून इस्पितळात नेली. जो कचरा जाळायचा असतो तो तिथे पिवळ्या पिशवीत जातो. बसमध्ये पिशवी मांडीवर होती, आणि शेजारच्या बाईने विचारलं, मासळी घेतलीत का? मी हो म्हटलं.

टाकी ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवली, वाळवली, तरी अप्पांना ती दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हती. त्यांनी काचा सुट्या करून पोत्यात भरल्या. मग ते म्हणाले, "आता त्याला सांगायला पाहिजे."

"कुणाला?"

"मासेवाल्याला. त्याच्याकडं तर सगळी पोरंच येतात."

मी म्हटलं, तो ऐकणार नाही. अप्पा म्हणाले, ऐको न ऐको. आम्ही दोघं गेलो. विक्रेत्याने अप्पांच्या हाताकडे पाहिलं, आमचं म्हणणं ऐकलं आणि त्याचा चेहरा आवळला. गिऱ्हाइकं उभी होती. त्याने आम्हाला आत ओढलं. कानडीत हळू पण रागाने म्हणाला, "माझ्या माशांना रोग आहे असं चार लोकांत बोलू नका, मालक. माझं पोट यावर आहे."

"चार लोकांत बोलायला आलो नाही," अप्पा म्हणाले. "तुझ्याशी बोलायला आलोय. तू पण दिवसभर त्याच पाण्यात हात घालतोस."

टाक्यांचे पंप बुडबुडत होते. मग त्याने शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सारली. अंगठ्याच्या मुळाशी एक, मनगटावर एक, कोपराखाली दोन. जुन्या गाठी, काही फुटून सुकलेल्या, काही ताज्या. "वर्ष झालं," तो म्हणाला. "तीन डॉक्टर झाले. कुणी म्हणतं उष्णता, कुणी म्हणतं रक्त वाईट आहे." त्याने बायकोलाही पूर्ण दाखवलं नव्हतं. पूर्ण बाहीचे शर्ट घालत होता.

अप्पांनी त्याचा हात स्वतःच्या हातात घेतला, उजेडाकडे वळवून पाहिला आणि मला म्हणाले, "याला कधी नेतेस?"

त्याचीही नळी थंड पेटीतच उगवली. त्याने ज्या टाक्यांत वाकलेले मासे होते त्या रिकाम्या केल्या, बाकीच्यांसाठी कोपरापर्यंतचे मोजे घेतले. सगळं दुकान बंद करणं त्याला शक्य नव्हतं, आणि अप्पांनी तसं म्हटलंही नाही.

अप्पांच्या गाठी हळूहळू बसल्या. पिंगट डाग राहिलेत. मधलं बोट पूर्ण मिटत नाही, आणि डॉक्टर म्हणाले की ते आता तसंच राहील. मोठी कात्री त्यांना चालवता येत नाही. कापायला एक बाई ठेवली आहे. अप्पा खडूने आखून देतात आणि हूक, काज, शेवटचं हातशिवण स्वतः करतात.

त्या महिन्यांत अप्पांची आणि मासेवाल्याची तपासणीची तारीख बहुतेक एकच यायची. मी कामाच्या मधे बाह्यरुग्ण विभागात डोकावायचे, तर दोघं बाकावर शेजारी बसलेले असायचे. एकदा गेले तेव्हा दोघांनीही आपापले उजवे हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि मासेवाला अप्पांचं बोट धरून विचारत होता, कुठपर्यंत वळतं. अप्पा वळवून दाखवत होते. मी आले हे त्यांनी पाहिलं नाही. नंबर पुकारला तेव्हा मासेवाला उठला, आणि अप्पाही त्याच्याबरोबर आत गेले.